एका दमातले आकडे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी डॉ. गुरुशांत उंबरगी सरांचं नाव घेतो. आईवडिलांचं त्यानंतर. वडिलांना हे ठाऊक आहे आणि त्यांची हरकत नाही. "आमी तुला वाढवलं, सरांनी तुला माणसांत बसवलं," असं ते म्हणतात. आमचं घर मंद्रूपचं. बारावीच्या पुढं गेलेला घरातला मी पहिला. एम.एस्सी. झालो तेव्हा पुढं काय करायचं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. ते सरांनी सांगितलं.

सर सोलापुरातल्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. नावापुढचं 'डॉक्टर' पीएच.डी.चं होतं, दवाखान्याचं नव्हतं. पण भवानी पेठेतल्या यंत्रमाग कारखान्यांत हा फरक कुणी करत नसे. तिथं ते 'मोजणारे सर' होते. एकोणीस वर्षं ते एकच गोष्ट मोजत आले होते: मागावर उभं राहणाऱ्या माणसाच्या छातीत दम किती उरलाय.

पद्धत साधी होती. माणसाला उभं करायचं, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि तो सोडता सोडता मोठ्यानं आकडे म्हणायला लावायचे. मधे श्वास घ्यायचा नाही. जिथं अडकेल तो आकडा वहीत. सर डाव्या हातातल्या पेन्सिलीनं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरत, एका ठेक्याला एक आकडा, म्हणजे कुणी घाई करू नये. उजव्या हाताचा तळवा माणसाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. कुणी हळूच चोरटा श्वास घेतला की तळव्याला आधी कळे. "पुन्हा," एवढंच म्हणत. रागावत नसत.

आकडे ज्याच्या त्याच्या भाषेत. वह्यांचे तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी असे चार भाग होते. मी पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा विचारलं, "सर, आकडा तर सगळीकडं सारखाच की?" सरांनी मला तेलुगूत एकवीस ते तीस म्हणायला शिकवलं आणि एका दमात म्हणायला लावलं. मी सव्वीसला गार झालो. "आता मराठीत," म्हणाले. तीस सहज झाले. "बघितलंस? भाषासुद्धा दम खाते."

सरांच्या हाताखाली संशोधनाला जागा मिळावी म्हणून जी मुलाखत झाली, तिला मी वडिलांबरोबर गेलो होतो. समितीसमोर घाबरून "माझं गाव मंद्रूप हाय" असं बोलून गेलो. सरांच्या शेजारचे दोघे प्राध्यापक हसले. सर त्यांच्याकडं वळून म्हणाले, "गाव कळलं ना? मग पुढचा प्रश्न विचारा." बाहेर बाकावर वडील बसले होते. सर स्वतः उठून त्यांच्याशी बोलायला आले. वडील म्हणाले, "सर, ह्याला शहरातलं काय बी कळत न्हाय. पन मोजायला लई नीट हाय. बाजारात दाणं मोजताना कधी एक वर न्हाय, एक खाली न्हाय." सर म्हणाले, "मला तेवढंच पाहिजे."

ते मला कायम पूर्ण नावानं, दत्तात्रय म्हणूनच हाक मारत. अक्कलकोटकडचे असल्यामुळं जीव कंटाळला की तोंडात कन्नड येई. "इरली बिडप्पा," म्हणजे राहू दे बाबा. कारखान्याचा मालक आत सोडायचा नाही, इरली बिडप्पा. ज्यानं वेळ दिलेली तो सुट्टीवर, इरली बिडप्पा. मग तिथंच सुताच्या गठ्ठ्यावर बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायची, आणि मालक बाहेर गेला की मोजायचं.

मालकांशी सरांचं भांडण जुनं होतं. सर म्हणत, मागाजवळच्या कापसाच्या धुळीनं दम जातो, तेव्हा शेडमध्ये धूळ ओढून घेणारे पंखे बसवा. मालक म्हणत, "सर, हे लोक बिड्या ओढतात. धुळीला कशाला नावं ठेवता?" एका मालकानं तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही खुर्चीवरचं बोलता." सरांनी महिनाभराची रजा काढली. रोज सकाळी त्याच मालकाच्या शेडमध्ये जाऊन मागांच्या मधल्या बोळात स्टूल टाकून बसायचे, संध्याकाळी पाळी सुटली की उठायचे. बिडी-तंबाखू आयुष्यात नाही. येताना स्वतःचा दम मोजायचे, जाताना मोजायचे. महिन्याअखेरीस त्यांचा आकडा सातानं उतरला होता आणि खोकला दोन महिने राहिला. वही घेऊन ते मालकाकडं गेले. मालक वही बघून म्हणाला, "तुम्ही पाहुणे माणूस सर. तुम्हाला सवय नाही."

हा प्रसंग सांगताना सर हसत. मला मात्र तेव्हाही हसू आलं नाही.

कारखान्यांतली माणसं त्यांची चेष्टा करायची, पण मोजून घ्यायला रांगेत उभी राहायची. त्यांत नरसय्या म्हणून एक विणकर होते, पन्नाशीचे, तेलुगू घरातले. मला ते 'मंद्रूप' म्हणूनच हाक मारायचे. सर आत आले की ओरडायचे, "चला, दमाचे सावकार आले! काय सर, एवढे मोजून घेता, परत कधी देनार?" सर म्हणायचे, "पंखे बसले की देतो नरसय्या. व्याजासकट." नरसय्यांचा आकडा वर्षानुवर्षं बावीसच्या आसपास. त्यांना त्याचा अभिमान होता. नुकताच सगळ्या वह्यांचा गोषवारा आणि पंख्यांचा अर्ज सरांनी कामगार कचेरीत दाखल केला होता. तिथल्या साहेबांनी पहिल्यांदाच तो वाचतो असं म्हटलं होतं.

तेवढ्यात ती साथ आली.

माग थांबले. भवानी पेठेच्या तोंडाशी बांबू आडवे लागले. कॉलेजनं लेखी कळवलं की बाहेर जाऊन कुणाचंही काही मोजायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "दत्तात्रय, रोग छातीचा आहे. एकोणीस वर्षं या माणसांच्या छात्या आपण मोजल्या. कुणाचा आकडा किती असतो हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. आणि आपण घरी बसलोय."

मी म्हणालो, "सर, आकडे मोठ्यानंच म्हणायचे असतात. फोनवर म्हणतील की."

ही कल्पना माझी होती. हे लिहून ठेवलं पाहिजे.

सरांना ती एकदम पटली नाही. ठेक्याचं काय? आम्ही करून पाहिलं. सर तिकडं डबा वाजवत, इकडं आवाज मागं-पुढं पोचे आणि मोजणारा गोंधळे. ठेका सोडून द्यावा लागला. तळव्याचं काय? सर म्हणाले, "व्हिडिओ लावू." पहिल्या व्हिडिओत आम्हाला एका घराचा पंखा आणि नातवाचं कपाळ दिसलं. बहुतेक घरांत तर साधेच फोन. शेवटी सर एक उशी मांडीवर घ्यायचे, तिच्यावर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. फोनवर माणसाला सांगायचे, "माझा हात तुमच्या पाठीवर आहे असं समजा. घ्या श्वास." मला एकदा म्हणाले, "वेड्यासारखं दिसतं, पण हात रिकामा असला की मला ऐकू येत नाही."

दोघांत मिळून आम्ही रोज साठ-सत्तर घरांना फोन करायचो. नुसता अभ्यास नव्हता तो. एखाद्याचा नेहमीचा आकडा घसरत वीसच्या खाली आला की सर ओळखीच्या डॉक्टरांना कळवायचे आणि त्या माणसाला दवाखान्यात हलवायचं ठरायचं. पहिल्या तीन आठवड्यांत असे पाच जण वेळेवर गेले आणि पाचही परत आले. सरांनी एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून दिला होता. "वीस ही हद्द तुझ्या-माझ्यात. कुणाला सांगायची नाही. हद्द कळली की माणूस आकडा देतो, दम देत नाही."

मी हो म्हणालो होतो.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी नरसय्यांना फोन लावला. त्यांच्या गल्लीतून त्या सकाळी एकाला नेलं होतं. नेहमीची चेष्टा नव्हती. आवाज बारीक होता.

"मंद्रूप, खरं सांग. मला पन नेतील का रे?"

"तुम्हाला काय झालंय? बरे आहात की."

"आमच्या बोळातला येक साथीच्या सुरवातीलाच नेला तो आलाच न्हाय परत. बायकोला तोंड पन बघायला दिलं न्हाय. तसं नको रे मला. घरात काय व्हायचं ते होऊ दे."

त्यांनी मोजून दाखवलं. बावीस. नेहमीचेच. आणि त्यांचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून मी म्हणालो, "नरसय्या, वीसच्या पुढं गेलं की कुणी नेत नाही. तुमचे बावीस आहेत. बिनघोर राहा."

"वीस?"

"वीस."

"देव तुझं बरं करो," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. एका घाबरलेल्या माणसाला धीर दिला, एवढंच वाटलं.

पुढच्या पंधरवड्यात आकडे चढायला लागले. आधी नरसय्यांच्या बोळातले, मग आजूबाजूचे. एकवीसचे तेवीस, बावीसचे पंचवीस. नव्यानं हलवावं असं कुणी उरलं नाही. सर रोज संध्याकाळी माझ्याकडून आकडे उतरवून घेत आणि त्यांचा आवाज बदलत चालला. एक दिवस म्हणाले, "दत्तात्रय, माग बंद होऊन किती दिवस झाले? एकोणीस वर्षांत या माणसांनी सलग इतके दिवस धुळीबाहेर काढलेत का कधी? नाही. आणि आकडे चढतायत. अरे, हा प्रयोग मला कुणी करूच दिला नसता! सगळे माग एकदम बंद करा असं कुठल्या मालकाला सांगणार होतो मी?"

मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं म्हणजे ऐकलं. माझ्या मनात शंका आली नव्हती, असं मी म्हणू शकत नाही. आली होती. पण तो आनंद मोडायला माझ्याकडं पुरावा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी पुरावा शोधला नाही.

एका संस्थेनं ऑनलाइन परिसंवाद ठेवला होता. साथीच्या काळात संशोधन चालू ठेवण्याच्या नव्या वाटा, असा काहीसा विषय. सरांना बोलावलं. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, घरातल्या घरात बूट घातले आणि बसून शिकवायची सवय नसल्यामुळं उभं राहून बोलायला लागले. पडद्यावर सगळ्या देशाला त्यांची फक्त बटणं दिसत होती. मी फोन करून सांगितलं, "सर, खाली बसा." "बसून आवाज निघत नाही माझा," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि तसेच बोलत राहिले. पण बोलले फार चांगलं. धूळ थांबली आणि दम परत आला, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. खूप कौतुक झालं. ते भाषण त्यांनी लिहून कामगार कचेरीतल्या साहेबांनाही पाठवलं. उत्तर आलं की पंख्यांचा अर्ज पुढच्या बैठकीत घेतो.

त्यानंतर नवव्या दिवशी नरसय्या गेले. आदल्या दुपारी त्यांनी मला सत्तावीस मोजून दाखवले होते. त्यांचा तो सगळ्यात मोठा आकडा.

बातमी कळल्यावर सरांनी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि मलाही त्याच फोनवर जोडून घेतलं. बराच वेळ ती रडतच होती. मग सर म्हणाले, "बाळ, काल दुपारी तर सत्तावीस होते गं."

"कुटले सत्तावीस सर," ती म्हणाली. "बाबांना बोलता येत नव्हतं चार दिवस. फोन यायच्या आधी तालीम करायचे. सातला थांबून फोन लांब धरायचे, श्वास घ्यायचे, परत चालू. शेवटी शेवटी मीच मधले आकडे म्हनायचे, आवाज जाड करून. पूर्ण बोळ तसंच करतोय सर. वीस झाले की नेत न्हाईत म्हनून."

"वीस कुणी सांगितलं?"

"काय माहीत. सगळ्यांना माहीत हाय."

ती फोन ठेवून गेली. आम्ही दोघे तसेच फोनवर राहिलो. 

"दत्तात्रय, ऐकलंस?"

"हो सर."

"वीस त्यांना कसं कळलं असेल?"

मी म्हणालो, "माणसं हुशार असतात सर. कुणाला नेलं, कुणाला नाही, त्यावरून अंदाज बांधला असेल."

सर म्हणाले, "हो. तसंच असेल."

त्या दिवसापासून सर एकाच विचारानं पोखरले गेले. फोनवर अंदाज बांधता येतो, तर समोर का नाही? मुकादमानं कामावरून काढू नये म्हणून एकोणीस वर्षांत किती जणांनी दम चोरून आकडा वाढवला असेल? रजा मिळावी म्हणून किती जणांनी कमी केला असेल? मी म्हणायचो, "सर, तिथं तुमचा हात असायचा." ते म्हणायचे, "हाताला कळतं, हे मीच ठरवलं होतं ना? कुणी तपासलं होतं?" मी पुढं बोलू शकलो असतो. सगळं एका वाक्यात संपवू शकलो असतो. त्याच सुमारास एका कॉलेजात माझी प्राध्यापकपदाची मुलाखत ठरली होती आणि शिफारसपत्र सरांचं होतं.

सरांनी तीन पत्रं लिहिली. परिसंवादवाल्यांना, त्यांचे लेख छापणाऱ्या नियतकालिकाला आणि कामगार कचेरीला. साथीतले आकडेच नव्हे, एकोणीस वर्षांचं सगळं काम आपण मागं घेत आहोत, कारण मोजण्याच्या पद्धतीवर आपला स्वतःचाच विश्वास उरलेला नाही, असं त्यांत होतं. पंख्यांचा अर्ज फेटाळला गेला. स्टूलवाला मालक मला नंतर रस्त्यात भेटला. "सरांनीच लिहून दिलं की, धुळीचं काही नसतं म्हणून," तो म्हणाला. सरांनी तसं लिहिलं नव्हतं. पण माग पुन्हा सुरू झाले ते पंख्यांशिवाय, आणि आता कुणी मोजायलाही जात नाही.

मला नोकरी लागली. निवृत्तीला तीन वर्षं असताना सरांनी राजीनामा दिला आणि ते अक्कलकोटला बहिणीकडं राहायला गेले. मी पेढे घेऊन गेलो. सर ओसरीवर बसून वह्यांतली कोरी पानं पट्टीनं कापत होते, बहिणीच्या नातवंडांना गणितं करायला. लिहिलेल्या पानांचा गठ्ठा बाजूला होता. "त्यांचं काय?" मी विचारलं. "अक्का शेवया वाळत घालते त्यांच्यावर. कागद चांगला आहे." मग पेढा हातात धरून म्हणाले, "प्राध्यापक उभा राहून शिकवतो. खुर्चीवर बसू नकोस." मला स्टॅंडवर सोडायला आले. सोलापूरची गाडी लागली, मी चढलो, खिडकीत बसलो. सर शेजारच्या गाडीकडं बघून हात हलवत होते. मी हाक मारली, पण ती इंजिनाच्या आवाजात गेली. आमची गाडी वळली तेव्हाही ते त्याच दुसऱ्या गाडीला हात करत होते. ते मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या भाच्याला फोन करून विचारलं, पोचलं का. तो म्हणाला, "पोचलंय. पण मामा आता पत्रं फोडत नाहीत. तुमचंच न्हाय, कुणाचंच." पत्राची प्रत माझ्याकडं होती. ती अशी:

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

नरसय्या गेले त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, वीस त्यांना कसं कळलं असेल. मी म्हणालो, अंदाज बांधला असेल. कुणी अंदाज बांधला नव्हता. वीस मी सांगितलं. नरसय्या घाबरले होते, त्यांना धीर द्यायला म्हणून सांगितलं. त्यांनी बोळाला सांगितलं असेल. तुमचा नियम मला माहीत होता.

तुम्ही फोनवर मला विचारलंत तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही फक्त त्या काही आठवड्यांचे आकडे खोडले असते. त्याआधी हद्द कुणाला माहीतच नव्हती, तेव्हा आधी कुणी खोटं मोजायचं काही कारण नव्हतं. तुमची पद्धत चुकली नव्हती सर. तुमचा हात चुकला नव्हता. माझ्या मुलाखतीपर्यंत थांबू, मग सांगू, असं मी ठरवलं. मुलाखत झाल्यावर, रुजू झाल्यावर सांगू असं ठरवलं. मग चार वर्षं गेली.

हे सगळं मी कामगार कचेरीलाही माझ्या सहीनं लिहून दिलं. तिथले साहेब बदलले आहेत. मूळ वह्या सादर करा, म्हणाले. वह्या नाहीत, असं मी सांगितलं. मग नुसत्या पत्रावर काही करता येत नाही, म्हणाले.

रविवारी भवानी पेठेत गेलो होतो. नरसय्यांची मुलगी आता त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते. तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मधले आकडे तर मी म्हनले होते." मी तिला म्हणालो, तुझी चूक नाही. ती कामाला निघाली होती. दाराशी जाऊन खोकत उभी राहिली आणि मग गेली.

तिचा दम किती आहे, मी मोजला नाही. मोजून लिहायचं कुठं, हे मला कळलं नाही.

तुमचा,
दत्तात्रय